मणी, साचा आणि मूल : ब्रह्मपुरीच्या टेकाडापासून इस्त्रीच्या मण्यांपर्यंत

१.
चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीचा डोंगर गुलालाने न्हाऊन निघतो. सासनकाठ्या नाचतात, ‘चांगभलं’चा गजर होतो आणि परतणाऱ्या भाविकांच्या पिशवीत खोबरे व दवणा असतो. जत्रेतल्या मुलाचा हट्ट मात्र बहुधा वेगळाच असतो : बासरी, भिंगरी किंवा रंगीत मण्यांची माळ. हा मणी माणसाच्या सर्वांत जुन्या कारागिरींपैकी एक आहे. आज घरोघरी मुलांसाठी आणल्या जाणाऱ्या ‘फ्यूज बीड्स’च्या पेटीतला मणीही त्याच वंशातला आहे. त्या वंशाचा हा धागा.

२.
प्रथम वस्तू समजून घेऊ. फ्यूज बीड म्हणजे प्लास्टिकच्या बारीक नळीचा छोटा तुकडा. बारीक खुंट्या असलेल्या पाटीवर हे तुकडे एकेक करून बसवायचे, फूल, मासा किंवा किल्ला साकारायचा, वर कागद ठेवून इस्त्री फिरवायची. उष्णतेने मण्यांच्या कडा एकमेकींना चिकटतात आणि नक्षी कायमची जुळते. म्हणून त्यांना सोप्या मराठीत ‘इस्त्रीचे मणी’ म्हणता येईल. पोकळ नळी, तिचे तुकडे, आखीव साचा आणि उष्णता या चार गोष्टींवर हा खेळ उभा आहे. चारही गोष्टी प्लास्टिकच्या युगाहून फार जुन्या आहेत.

३.
सुरुवात जोतिबाच्या दगडापासूनच करावी. कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे १७ किलोमीटरवरचा हा डोंगर दख्खनच्या काळ्या कातळाचा आहे. डोंगरावरची मंदिरेही काळ्या दगडाचीच. केदारनाथाचे आजचे मंदिर १७३० मध्ये राणोजी शिंदे यांनी बांधले, असे मानले जाते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपत राहिले आणि अकीक, स्फटिक, चाल्सेडनी असे खडे तयार झाले. दख्खनच्या प्राचीन मणीकाराला कच्चा माल पुरवला तो या कातळाने.

४.
या खड्यांचा मणी करणे सोपे नव्हते. अकीक काचेपेक्षा कठीण. तो आधी फोडायचा, मग टवके काढून आकार द्यायचा, घासायचा, दोन्ही बाजूंनी छिद्र पाडायचे आणि शेवटी झिलई द्यायची. फिकट, पिवळसर खडा मंद आचेवर तापवला की त्यातील लोहाचा रंग पालटतो आणि तो लालबुंद होतो. हाच कार्नेलियन. हडप्पा संस्कृतीच्या कारागिरांना ही युक्ती अवगत होती आणि गुजरातेतील खंभातच्या कारागिरांनी ती आधुनिक काळापर्यंत जपली. मण्याला उष्णता देऊन त्याचे रूप पालटवणे ही कल्पना किमान साडेचार हजार वर्षांची आहे.

५.
खुद्द मणी त्याहूनही प्राचीन. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे पुरातत्त्वज्ञ शां. अ. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला कवचाचा तुकडा मिळाला. काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. तेव्हा महाराष्ट्रात शेती नव्हती, मडके नव्हते, धातू नव्हता. तरीही कोणीतरी कवचाचा तुकडा गोल घासला आणि त्याला छिद्र पाडले. पोट भरण्याशी या कामाचा काही संबंध नव्हता. हाताला आणि डोळ्याला हवे होते म्हणूनच ते झाले.

६.
मणी आणि मूल यांची गाठ महाराष्ट्रात पहिल्यांदा ठळकपणे दिसते ती प्रवरेकाठी, नेवासे येथे. तेथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीत, म्हणजे सुमारे तीन ते साडेतीन हजार वर्षांपूर्वी, एका बालकाचे दफन झाले. त्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या संसर्गामुळे मण्यांतला धागाही अंशतः टिकला आणि तपासणीत त्यात कापूस व रेशीम यांचे तंतू आढळल्याचे नोंदवले गेले. त्या काळी तांबे दुर्मीळ होते. तरीही ते लहानग्याच्या गळ्यात घातले गेले आणि त्याच्यासोबत मातीत गेले. त्या घराचे दुःख आजही त्या माळेत वाचता येते.

७.
आता कोल्हापूर. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाचे टेकाड आहे. १९४४-४५ च्या सुमारास प्रा. के. जी. कुंदनगार यांच्या प्रयत्नांतून तेथे कांस्य वस्तूंचा साठा उजेडात आला. त्यात समुद्रदेव पोसायडनची छोटी, देखणी रोमन मूर्ती होती. पाठोपाठ १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. सातवाहनकालीन वसाहतीचे अवशेष, नाणी, खापरे आणि तऱ्हेतऱ्हेचे मणी मिळाले. पोसायडनची ती मूर्ती आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात आहे.

८.
या उत्खननातील मोरेश्वर गंगाधर दीक्षित हे नाव इतिहासप्रेमी तरुणांनी लक्षात ठेवावे. नाणी आणि शिलालेख यांना पुराव्यात मानाचे पान मिळत असताना या विद्वानाने मण्यांना आणि काचेला आपले आयुष्य दिले. रेखांकित मण्यांवरचा त्यांचा ग्रंथ १९४९ मध्ये, कोंडापूरच्या मण्यांवरचा अभ्यास १९५२ मध्ये आणि भारतीय काचेचा इतिहास १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रह्मपुरीच्या बहमनीकालीन थरांतील बहुरंगी काचेच्या बांगड्यांचाही त्यांनी बारकाईने अभ्यास केला. मणी कोणत्या द्रव्याचा, कसा घडवला, छिद्र कसे पाडले, एवढ्यावरून काळ आणि व्यापार ओळखता येतो, हे भारतात रुजवणाऱ्यांत ते अग्रणी होते.

९.
दीक्षितांनी अभ्यासलेले रेखांकित मणी म्हणजे काय? तांबड्या कार्नेलियनवर क्षारयुक्त लेपाने रेघा, वर्तुळे, ठिपके काढायचे आणि मणी तापवायचा. लेप जिथे लागला तिथे दगडाचा पृष्ठभाग पांढरा होतो आणि नक्षी कायमची उमटते. लेप ओला असेपर्यंत ती पुसता येते. एकदा आच लागली की बदल नाही. इस्त्रीच्या मण्यांशी खेळणारे मूल नेमका हाच नियम शिकते : आधी विचार, मग उष्णता. सिंधू खोऱ्यापासून ऐतिहासिक काळातील दख्खनपर्यंत हा नियम हजारो कारागिरांनी पाळला.

१०.
सातवाहनकाळात मणी हा मोठ्या व्यापाराचा भाग होता. पैठण, तेर, भोकरदन, ब्रह्मपुरी अशा स्थळी दगड, काच, शंख, हस्तिदंत, माती यांचे मणी विपुल मिळाले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत पैठणहून भडोचला मोठ्या प्रमाणावर ऑनिक्स दगड जात असल्याची नोंद आहे. कातळाच्या पोकळीत जन्मलेला खडा घाट उतरून बंदरात आणि तेथून भूमध्य समुद्राकडे जात होता. ज्या जगातून पोसायडन पंचगंगेकाठी आला, त्याच जगात दख्खनचे खडे पोचत होते.

११.
दगडी मणी एकेक घडवावा लागतो. काचेने हे गणितच बदलले. दक्षिण भारतात, विशेषतः पुदुच्चेरीजवळील अरिकामेडू येथे, वितळलेल्या काचेच्या गोळ्यातून लांबच लांब पोकळ नळी ओढण्याचे तंत्र दोन हजार वर्षांपूर्वीच विकसित झाले होते. नळी थंड झाली की तिचे बारीक तुकडे पाडायचे. हे तुकडे टोकदार असतात, म्हणून राखेसारख्या भुकटीत मिसळून पुन्हा तापवायचे. कडा वितळून गोलावतात आणि राखेमुळे छिद्र बुजत नाही. आंध्र प्रदेशातील पापनायडूपेट येथे या तंत्राची परंपरा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही जिवंत होती.

१२.
अमेरिकी संशोधक पीटर फ्रान्सिस यांनी या मण्यांना ‘इंडो-पॅसिफिक’ असे नाव दिले, कारण ते पूर्व आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत सर्वत्र सापडतात. आता त्यांची तुलना फ्यूज बीडशी करून पाहावी. कारखान्यात वितळलेले प्लास्टिक साच्यातून दाबून अखंड पोकळ नळी काढतात, ती थंड करतात आणि समान लांबीचे तुकडे पाडतात. द्रव्य बदलले, भट्टीच्या जागी यंत्र आले. ओढलेली नळी आणि तिचे तुकडे हा मूळ विचार मात्र अरिकामेडूच्या कारागिराला लगेच ओळखू आला असता.

१३.
मणी वितळवून नवी वस्तू करण्याचीही परंपरा आहे. आजच्या दक्षिण आफ्रिकेतील के-२ या स्थळी, सुमारे हजार वर्षांपूर्वी, हिंदी महासागरातून आलेले बारीक काचमणी मातीच्या साच्यात घालून भट्टीत वितळवत आणि त्यांपासून जाडजूड मोठे मणी बनवत. घानातील क्रोबो लोक आजही काचेची पूड साच्यात भरून, भाजून मणी करतात. छोट्या परक्या मण्यांपासून आपल्या पसंतीची वस्तू घडवणारे हे लोक केवळ गिऱ्हाईक नव्हते. विकत आणलेला मणी हा त्यांच्यासाठी कच्चा माल होता. मुलासाठी पेटी निवडताना ही गोष्ट पुन्हा आठवावी लागेल.

१४.
उरला साचा. खुंट्यांची पाटी मराठी घराला नवखी वाटू नये. ठिपक्यांच्या रांगोळीत आधी समान अंतरावर ठिपके मांडतात आणि मग त्यांच्या आधाराने आकृती उभी राहते. कशिद्यात कापडाचे ताणेबाणे मोजून टाका घालतात. काचेच्या नळीमण्यांची तोरणे आणि रुखवतातली मण्यांची कलाकुसर यांतही ओळी मोजूनच मोर किंवा कमळ उमटते. सौराष्ट्रातील मोतीभरत हीच कला मोठ्या पडद्यांवर खेळते आणि एकोणिसाव्या शतकात तिच्यासाठी युरोपातले काचमणी येत. चौकटीत मोजून चित्र काढण्याची बुद्धी संगणकाच्या पडद्याआधीची आहे.

१५.
येथवर मणी होता मोठ्यांच्या कामाचा. तो शिक्षणाचे साधन म्हणून मुलाच्या हाती देण्याची पद्धतशीर कल्पना जर्मनीत आकाराला आली. फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे बालकांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालोद्यान, असे नाव दिले. त्यांनी साधनांचे दोन वर्ग केले. चेंडू, घन, ठोकळे, काड्या या ‘देणग्या’. कागद टोचणे, विणणे, शिवणे, माती घडवणे हे ‘उद्योग’. पुढे त्यांच्या अनुयायांनी रंगीत लाकडी मणी ओवण्याचीही त्यात भर घातली.

१६.
या विभागणीमागचा विचार सखोल आहे. देणगीशी खेळून झाले की ती मूळ रूपात परत पेटीत जाते. ठोकळ्यांचा वाडा मोडून उद्या पूल बांधता येतो. उद्योगात द्रव्याचे रूप कायमचे बदलते. टोचलेला कागद पूर्ववत होत नाही. इस्त्रीचे मणी या दोन्ही वर्गांत बसतात. पाटीवर आहेत तोवर ती देणगी : मांडा, मोडा, पुन्हा मांडा. इस्त्री फिरली की तो उद्योग. म्हणून या खेळाचा खरा काळ इस्त्रीच्या आधीचा आहे. मोठ्यांनी घाईघाईने इस्त्री तापवली, तर मुलाचा तो काळ हिरावला जातो.

१७.
दुसरा प्रवाह मारिया मॉन्टेसरी यांचा. १९०७ मध्ये रोममध्ये त्यांचे पहिले बालगृह सुरू झाले. १९३९ मध्ये त्या भारतात आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत त्यांचा मुक्काम येथे लांबला. त्यांच्या गणिताच्या साधनांत सोनेरी मणी प्रसिद्ध आहेत : सुटा मणी एकक, दहा मण्यांची काडी दशक, दहा काड्यांचा चौरस शतक आणि दहा चौरसांचा घन सहस्र. मूल हजार ही संख्या तळहातावर तोलून पाहते. येथे मणी नक्षीसाठी नाही, संख्येचे वजन कळावे यासाठी आहे.

१८.
मराठी मुलुखात या विचारांना मातीचा रंग दिला तो ताराबाई मोडक यांनी. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी काम केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये अनुताई वाघ यांच्यासह काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांमध्ये नेले. प्रश्न उघड होता : परदेशी धाटणीची महाग साधने या अंगणात कोठून आणायची? उत्तर त्यांनी परिसरातच शोधले. बिया, शिंपले, खडे, पाने, फुले हीच मुलांची साधने झाली.

१९.
या उत्तराचे मोल मोठे आहे. महाग पेटी नसली तर मूल मागे पडेल, ही भीती त्यांनी खोटी ठरवली. मोजणे, निवडणे, ओवणे, रंग लावून पाहणे ही कौशल्ये चिंचोक्यांनीही येतात. पण निसर्गातली प्रत्येक वस्तू निर्धोक असते असे नाही. लाल-काळ्या गुंजा सोनाराच्या काट्यावर शतकानुशतके वजन म्हणून वापरल्या गेल्या, त्यांच्या माळाही केल्या जातात. तीच गुंज फोडून किंवा चावून पोटात गेली तर तिच्यातील अ‍ॅब्रिन हे विष प्राणघातक ठरू शकते. मण्याचे द्रव्य तपासण्याची गरज प्लास्टिकपुरती मर्यादित नाही.

२०.
आता प्लास्टिक. १९३३ मध्ये इंग्लंडमधील आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट यांना एका फसलेल्या प्रयोगाच्या तळाशी मेणासारखा पांढरा पदार्थ दिसला. तेच पॉलिथिलीन. हा पदार्थ सुमारे ११० अंश सेल्सिअसला मऊ होऊन वितळू लागतो, म्हणजे घरगुती इस्त्रीच्या आवाक्यात. इस्त्रीच्या मण्यांच्या कल्पनेचे श्रेय स्वीडनमधील गुन्नार क्नुट्सन यांना दिले जाते. १९५० च्या दशकाच्या अखेरीची ही गोष्ट. मूळ हेतू मुलांचा खेळ नव्हता. वृद्धांच्या हातांना व्यायाम व मनाला विरंगुळा मिळावा, यासाठी ते मणी होते.

२१.
पुढे डेन्मार्कची हामा, स्वीडनची नाब्बी, अमेरिकेची पर्लर अशा नाममुद्रांनी हा खेळ जगभर नेला. त्यातून तीन मापे रूढ झाली : सुमारे २.५ मिलिमीटर, ५ मिलिमीटर आणि १० मिलिमीटर. जुन्या संगणकीय खेळांतील चौकोनी ठिपक्यांची चित्रे या पाटीवर हुबेहूब उतरतात, म्हणून तरुणांनीही हा छंद उचलला. भारतात अशा पेट्या आता ऑनलाइन बाजारात आणि शहरांतील खेळण्यांच्या दुकानांत मिळतात. पेट्या अनेक, किमती अनेक, दर्जाही अनेक. येथे इतिहासातील एक कटू प्रसंग सांगणे भाग आहे.

२२.
२००७ मध्ये पाणी शिंपडताच चिकटणारे मणी बाजारात गाजत होते. ऑस्ट्रेलियात त्यांचे नाव बिंडीझ, अमेरिकेत अ‍ॅक्वा डॉट्स. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात त्यांना उत्कृष्ट खेळण्याचा सन्मानही मिळाला. मग मणी गिळलेली मुले बेशुद्ध होऊ लागली. तपासात कळले, की चिकटपणासाठी ठरलेल्या रसायनाऐवजी १,४-ब्युटेनडायॉल हे रसायन वापरले गेले होते. शरीरात गेल्यावर त्याचे रूपांतर जीएचबी या गुंगी आणणाऱ्या द्रव्यात होते. नोव्हेंबर २००७ मध्ये मणी माघारी बोलावले गेले. एकट्या अमेरिकेत सुमारे ४२ लाख संच.

२३.
हे मणी इस्त्रीचे नव्हते आणि दोन्हींचे रसायन वेगळे आहे, हे स्पष्ट ठेवले पाहिजे. तरीही धडा दोन्हींना लागू पडतो. बाहेरून एकसारखे दिसणारे मणी आतून वेगळे असू शकतात आणि डोळ्यांना ते ओळखता येत नाही. दीक्षितांनाही काचेचे घटक कळण्यासाठी रासायनिक पृथक्करणाचा आधार घ्यावा लागला होता. घरातल्या पालकाकडे प्रयोगशाळा नसते. म्हणून ती तपासणी समाजाने, म्हणजे शासनाने, करायची असते. भारतात खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश २०२० मध्ये निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला.

२४.
या आदेशानुसार १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, खेळणे देशी असो वा आयात केलेले. आयएस ९८७३ या मानकात टोके, लहान भाग, विषारी मूलद्रव्ये यांच्या चाचण्या आहेत. नोंदणीकृत हस्तकारागिरांनी बनवलेल्या खेळण्यांना या आदेशातून सूट आहे. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यात सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या चाचणी-नळीत पूर्ण मावणारा सुटा भाग नसावा, हा जगभर मान्य असलेला निकष आहे. या निकषावर इस्त्रीचा कोणताही मणी, अगदी मोठ्या मापाचाही, तान्ह्या हातांसाठी नाही.

२५.
मणी आणि मूल यांच्या नात्याची काळी बाजूही लपवता येत नाही. खंभातच्या अकीक उद्योगात दगड घासताना उडणाऱ्या धुळीने कारागिरांची फुप्फुसे निकामी झाली. सिलिकोसिस हा तेथला ओळखीचा आजार. फिरोजाबादच्या काचभट्ट्यांत बालमजुरी दीर्घकाळ चालली आणि तो देशाच्या चिंतेचा विषय झाला. एका मुलाच्या खेळासाठी दुसऱ्या मुलाने भट्टीपुढे बसावे, हा व्यवहार कोणत्याही नक्षीने सुंदर होत नाही. बनवणारा कोण, कोठला, हे छापलेले नसलेली निनावी पेटी परत ठेवण्यास हे एक कारणही पुरेसे आहे.

२६.
तर पेटी निवडताना पहिली कसोटी वयाची. घरात तीन वर्षांखालील भावंड असेल, तर थोरल्याची पेटीही उंचावर, झाकणाच्या डब्यात असावी. चार-पाच वर्षांच्या मुलाला १० मिलिमीटरचे जाड मणी, बोटे स्थिरावली की साधारण पाच-सहाव्या वर्षापासून ५ मिलिमीटरचे, आणि २.५ मिलिमीटरचे मणी दहा वर्षांच्या पुढे. दुसरी कसोटी चिन्हाची : आयएसआय चिन्ह, उत्पादकाचे नाव-पत्ता, वयाची सूचना. उग्र वास येणारे, कडा ओबडधोबड असलेले किंवा लांबीला कमीजास्त असलेले मणी नाकारावेत. असमान मणी इस्त्रीखाली नीट जुळतही नाहीत.

२७.
तिसरी कसोटी साच्याची. एकाच कार्टूनच्या आकाराची पाटी आणि मोजून दिलेले मणी असलेली पेटी एका दुपारी संपते. साधी चौकोनी पाटी, एकमेकींना जोडता येणाऱ्या पाट्या आणि मोजके पण भरपूर रंग असलेली पेटी वर्षभर चालते. ती के-२ च्या कारागिरासारखी मुलाला कच्चा माल देते. तिच्यावर जोतिबाची सासनकाठी, पन्हाळ्याचा तीन दरवाजा, पैठणीचा मोर, सगळे उतरू शकते. चौकटीचा कागद हाती द्यावा. मूल आधी नक्षी आखील आणि मग मणी मोजील. मापही एकच ठेवावे, म्हणजे पुढची खरेदी जुन्या पाटीवर बसेल.

२८.
चौथी कसोटी आचेची. इस्त्री मोठ्या माणसानेच फिरवावी : मध्यम उष्णता, वाफ बंद, मधे बेकिंगचा कागद, खिडकी उघडी. मण्यांचे छिद्र थोडे दिसत राहील इतपतच वितळवावे. मग जड पुस्तकाखाली थंड होऊ द्यावे, म्हणजे पाटी वाकत नाही. आणि हे प्लास्टिक आहे, याचेही भान असावे. वितळलेली नक्षी पुन्हा सुटी होत नाही आणि कचऱ्यात गेली तर कुजत नाही. म्हणून दहा नक्ष्या मांडून मोडाव्यात, मनात भरलेली एकच इस्त्रीखाली जावी. सांडलेले मणी झाडून नाल्यात जाऊ देऊ नयेत, ते वेचावेत.

२९.
पेटी परवडत नसेल, तर काही अडत नाही. चिंचोके आणि पाटीवर खडूने काढलेले ठिपके यांवरही हीच बुद्धी चालते. कोसबाडने ते दाखवून दिले. मात्र पेटी आणलीच, तर एखाद्या रविवारी कोल्हापूरच्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयातही मुलांना न्यावे. ब्रह्मपुरीच्या वस्तूंसमोर उभे राहून त्यांना विचारावे : हे छिद्र कसे पाडले असेल, हा रंग कोठून आला असेल? जे मूल घरी पाटीवर तासभर मणी बसवून आले आहे, त्याला हे प्रश्न परके वाटणार नाहीत. उत्तर शोधताना ते बोटे हवेत फिरवील, आणि इतिहासाचा अभ्यास तेथूनच सुरू होतो.

(धागा समाप्त)